कंबरेला हातोडा : मदर जोसेफची गोष्ट

(गटाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाची तयारी करताना मी आधी शब्दकोश उघडून बसले. सुतारीण म्हणजे कोण? सुताराची बायको. लोहारीण, लोहाराची बायको. गवंडी या शब्दाचं तर स्त्रीलिंगी रूप आपल्या तोंडी फारसं येतच नाही. बांधकामावर बाई दिसते ती डोक्यावर घमेलं घेतलेली. तिला आपण बिगारी म्हणतो, मजूर म्हणतो, पण ओळंबा तिच्या हातात कधी दिसत नाही. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी राहिली की नाही ते पाहायचं दोरीला लावलेलं वजन. भिंत सरळ आहे की वाकडी हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती ओळंबा त्याचा.

आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे तिच्या हातात ओळंबाही होता, करवतही होती आणि कंबरेला हातोडा लटकत असे. ती होती एक कॅथलिक जोगीण, नन. नाव मदर जोसेफ. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, जिथे आज वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो, माँटाना ही राज्यं आहेत, तिथे १८५६ ते १९०२ या काळात तिने रुग्णालयं, शाळा, अनाथालयं उभी केली. साधारण तीस संस्था तिच्या नावावर मोजल्या जातात. त्यांतली अकरा रुग्णालयं. आणि तरी तिची ओळख बरीच वर्षं ‘एक सेवाभावी धर्मभगिनी’ एवढीच राहिली. आज मला त्या ‘सेवाभावी’ शब्दाबद्दल जरा बोलायचं आहे.

तिचं मूळ नाव एस्तेर पारिझो. जन्म १६ एप्रिल १८२३, कॅनडात माँट्रियलजवळच्या एका खेड्यात. घर फ्रेंच बोलणाऱ्यांचं. वडील घोडागाड्या, बग्ग्या बनवणारे कारागीर. घरात मुलं पुष्कळ, आणि ही पोर वडिलांच्या कामाच्या जागी रमणारी. लाकूड कसं निवडायचं, रंधा कसा मारायचा, सांधा कसा बसवायचा हे ती तिथे शिकली. ‘मुलीच्या जातीला कशाला’ असं म्हणणारं कुणी आसपास नक्कीच असणार, पण बापाने शिकवलं.

वयाच्या विसाव्या वर्षी, १८४३ च्या डिसेंबरात, वडील तिला घेऊन माँट्रियलला आले. तिथे त्याच वर्षी एमिली गामलँ नावाच्या विधवेने ‘सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स’ हा संघ सुरू केला होता. या एमिलीबाईंचा नवरा गेलेला, मुलंही गेलेली, आणि त्या म्हाताऱ्या निराधार बायकांना घरी आणून सांभाळत होत्या. एस्तेरच्या वडिलांनी लेकीचे गुण त्यांना सांगितले ते संघाच्या इतिहासात नोंदवून ठेवलेले आहेत. ऐकताना आपल्याला मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाची आठवण येईल. लिहिता वाचता येतं, हिशेब येतो, शिवण येतं, स्वयंपाक येतो, सूत कातता येतं. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पुढे म्हणाले, सुतारकाम मी शिकवलंय, हत्यारं माझ्याइतकीच सफाईने वापरते, आणि कामाची आखणी करून दुसऱ्यांकडून ते करून घेणंही तिला जमतं. एखाद्या दिवशी ही तुमची चांगली प्रमुख होईल.

किती बाप असं सांगतील हो? तेव्हा आणि आताही.

मठात तिने वडिलांचंच नाव घेतलं. सिस्टर जोसेफ.

१८५६ साली संघाने पाच जणींची तुकडी पश्चिमेकडे पाठवायची ठरवलं. त्याआधी १८५२ मध्ये एक तुकडी गेली होती, ती तिथे टिकली नाही आणि भरकटत भरकटत दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचून तिथेच स्थिरावली. म्हणजे या पाच जणींना आपण कशात उडी घेतोय हे चांगलं ठाऊक होतं. प्रमुख म्हणून निवड झाली सिस्टर जोसेफची. वय तेहतीस. आता ती मदर जोसेफ झाली.

३ नोव्हेंबरला त्या माँट्रियलहून निघाल्या. न्यूयॉर्कहून बोटीने पनामा, पनामाची चिंचोळी पट्टी नव्याने सुरू झालेल्या आगगाडीने ओलांडायची, पुन्हा बोट, सॅन फ्रान्सिस्को, आणि तिथून उत्तरेला कोलंबिया नदीच्या मुखातून आत. ८ डिसेंबरला त्या व्हँकुव्हरला उतरल्या. हे कॅनडातलं व्हँकुव्हर नव्हे. वॉशिंग्टन प्रदेशातलं, एका जुन्या किल्ल्याभोवती वसलेलं गाव. पाचही जणींची राहण्याची सोय झाली बिशपच्या घराच्या माळ्यावर.

या ठिकाणी थोडं थांबायला हवं. अमेरिकेच्या पुस्तकांत या मुलखाला ‘फ्रंटिअर’ म्हणतात, म्हणजे सरहद्द. कुणाची सरहद्द? गोऱ्या वसाहतवाल्यांची. ज्यांचा तो देश होता त्या चिनूक, काउलित्झ, क्लिकिटॅट लोकांच्या दृष्टीने ती काही सरहद्द नव्हती, ते त्यांचं घर होतं. व्हँकुव्हरचा किल्ला हडसन्स बे कंपनीने १८२०च्या दशकात फरच्या व्यापारासाठी बांधला. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला तापाच्या साथी आल्या आणि नदीकाठची मूळ रहिवाशांची गावंच्या गावं ओस पडली. १८५४-५५ मध्ये सरकारने त्यांच्याकडून करार लिहून घेतले, जमिनी गेल्या, आणि लढाई पेटली. या पाच जणी उतरल्या तेव्हा ती लढाई चालूच होती. मदर जोसेफचा पहिला पाया खणला गेला तो या मातीत. हा धागा मी पुढे पुन्हा उचलणार आहे.

माळ्यावरून तिने कामाला सुरुवात केली. कंपनीची फर साठवायची एक टाकून दिलेली इमारत होती, तिच्यात तिने स्वतःच्या हाताने प्रार्थनाघर उभं केलं. मग राहायची जागा, मग अनाथ मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी खोल्या, मग शाळा. १८५८ साली कपडे धुण्यासाठी आणि पाव भाजण्यासाठी म्हणून बांधलेली एक छोटी खोली होती, तिचंच रुग्णालय झालं. चार खाटा. सेंट जोसेफ हॉस्पिटल. त्या सगळ्या मुलखातलं हे पहिलं कायमचं रुग्णालय.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण चरित्रांत ती सहसा एका ओळीत उरकलेली असते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. २८ जानेवारी १८५९ रोजी या बायकांनी वॉशिंग्टन प्रदेशात आपल्या संघाची कायदेशीर नोंदणी करून घेतली. तिथल्या सगळ्यांत जुन्या नोंदणीकृत संस्थांपैकी ती एक आहे. याचा अर्थ काय? जमीन विकत घ्यायची, ती संस्थेच्या नावावर ठेवायची, कर्ज काढायचं, कंत्राटावर सही करायची, कोर्टात उभं राहायचं, हे सगळं त्या बायकांची संस्था स्वतःच्या नावाने करू शकत होती. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व जवळजवळ नव्हतंच. नवऱ्याच्या सावलीत तिचं नाव बुडून जायचं. अमेरिकेत काही ठिकाणी हे नुकतं कुठे बदलायला लागलं होतं. अविवाहित बाईला व्यवहार करता येत, पण ती गेली की तिच्यामागे काय? संस्थेला मरण नसतं. एक सिस्टर गेली, दुसरी आली, जमीन बायकांच्याच हाती राहिली.

आपल्यापैकी ज्या जणी संस्था नोंदवण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात, त्यांना या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको.

कागद झाला, पण पैसे कुठून आणायचे? भिक्षेतून. आणि ही भिक्षा गावातल्या गावात घराघरांतून मागायची नव्हती. मदर जोसेफ एखाद्या सिस्टरला बरोबर घेऊन घोड्यावरून, होडीतून, टपालाच्या गाडीतून आयडाहो आणि माँटानाच्या खाणींपर्यंत जायची. शेकडो मैल. सोनं शोधायला आलेले पुरुष, लाकूडतोडे, सैनिक, यांच्या तळांवर दोन बायका पोचणार आणि आजारी माणसांसाठी पैसे मागणार. पगाराच्या दिवशी पोचायचं, म्हणजे दारूच्या गुत्त्यात जाण्याआधी खिसा भरलेला असतो, हेही तिला चांगलं कळत होतं. जंगलात तंबू ठोकून राहणं, लांडगे, वाटमारी करणारे लुटारू, या प्रवासांच्या कितीतरी कथा सांगितल्या जातात. त्यांतल्या काहींना तिखटमीठ लागलं असणार. पण पैसे मात्र खरेच आले, कारण भिंती उभ्या राहिल्या.

या भिंतींमधली सगळ्यांत मोठी म्हणजे व्हँकुव्हरचं ‘हाउस ऑफ प्रॉव्हिडन्स’. पुढे त्याला प्रॉव्हिडन्स अकॅडमी म्हणू लागले. १८७३ साली काम सुरू झालं. लाकडाच्या त्या मुलखात तीन मजली, पक्क्या विटांची इमारत. विटा गावातल्याच हिडन नावाच्या माणसाच्या नव्या भट्टीतल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला एवढी मोठी विटांची इमारत तेव्हा दुसरी नव्हती, असं म्हणतात. आत शाळा, अनाथ मुलांचं घर, सिस्टरांच्या राहण्याच्या खोल्या, आणि एक प्रार्थनाघर. तिथलं लाकडी कोरीवकाम पाहिलं की बग्ग्या बनवणाऱ्याची लेक ओळखू येते. नक्षी बारीक, पण सांधे आधी पक्के.

कामावर ती कशी वागायची याच्या आठवणी मला फार आवडतात. काळा पायघोळ झगा आवरून ती परांचीवर चढायची. नवी तुळई बसवली की तिच्यावर उभी राहून उड्या मारून पाहायची, तोलते की नाही. पायाखालच्या पोकळीत रांगत जाऊन आतून विटा तपासायची. एखाद्याने काम वाईट केलं असेल तर बोलण्यात वेळ घालवत नसे. विटा उचकटून काढायची आणि स्वतः पुन्हा रचायची. गवंड्यांना हे कसं वाटत असेल याची कल्पना करा. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर आपली रचाई गायब आणि तिथे एका जोगिणीने केलेली नवी रचाई. ती करारी होती, रागीट होती, कर्ज काढायला घाबरत नसे, आणि माँट्रियलच्या मूळ मठाला याची काळजी वाटे. हे सगळं एखाद्या पुरुष बांधकाम करणाऱ्याबद्दल सांगितलं असतं तर त्याला धडाडी म्हटलं असतं. मठात त्याला स्वभावदोष म्हणतात, आणि त्याबद्दल क्षमा मागावी लागते.

बाकीच्या इमारती भराभर सांगते. माँटानात मिझुला, ऑरेगनात पोर्टलंड, वॉशिंग्टनमध्ये वॉला वॉला, अशी संघाची रुग्णालयांची साखळी १८७०च्या दशकापासून वाढत गेली. सिअ‍ॅटलमध्ये १८७०च्या दशकाच्या अखेरीस एका राहत्या घरात रुग्णालय सुरू झालं आणि काही वर्षांतच तिने आखलेली मोठी इमारत तिथे उभी राहिली. १८८६ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ती स्पोकेनला गेली. नदीकाठी लाकडी खोपट्यात राहून काम करून घेतलं आणि १८८७ मध्ये सेक्रेड हार्ट रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी त्या प्रदेशाच्या वरिष्ठ न्यायालयाने बायकांना १८८३ मध्ये मिळालेला मताचा हक्क रद्द केला. तो कायमचा मिळायला १९१० साल उजाडलं. म्हणजे अख्ख्या प्रदेशाची रुग्णालयं बांधणाऱ्या बायका तिथे होत्या, आणि मतदार यादीत मात्र बाईला जागा नव्हती.

मग ती आर्किटेक्ट होती का? हा प्रश्न मला विचारला गेलाय, तोही आपल्याच एका मैत्रिणीकडून. पदवी कुठे होती, असं तिचं म्हणणं. ठीक आहे, तारखा बघू. अमेरिकेतल्या विद्यापीठातला वास्तुकलेचा पहिला वर्ग बोस्टनच्या एमआयटीत १८६८ साली भरला. तोवर मदर जोसेफ बारा वर्षं बांधत होती. वास्तुकारांचा परवाना देणारा पहिला कायदा १८९७ चा, इलिनॉय राज्याचा. तोवर तिचं बहुतेक काम होऊन गेलं होतं. वास्तुकारांची राष्ट्रीय संस्था न्यूयॉर्कमध्ये १८५७ साली तेरा पुरुषांनी स्थापन केली, आणि तिच्यात पहिल्या बाईला, लुईझ बेथ्यून यांना, जागा मिळाली १८८८ मध्ये. त्या काळात सरहद्दीवरच्या गावांत जो पुरुष नकाशा काढून इमारत उभी करायचा तो दारावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावायचा. पदवी त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याच संस्थेने १९५३ साली मदर जोसेफला वायव्येची पहिली आर्किटेक्ट म्हटलं. तिच्या मृत्यूला तेव्हा एकावन्न वर्षं झाली होती.

मधल्या एकावन्न वर्षांत काय झालं? मला वाटतं, तिचं कौशल्य दोन शब्दांखाली झाकलं गेलं. एक ‘माता’ आणि दुसरा ‘सेवा’. आईने केलेल्या कामाचा हिशेब कोण ठेवतं? सेवेला मजुरी नसते, आणि मजुरी नसली की कारागिरीही दिसेनाशी होते. हे आपल्याला घरातून माहीत आहेच. यात मठाचाही हात आहे. नम्रता हे तिथलं व्रत. इमारत संघाची, श्रेय देवाचं, स्वतःचं नाव कुठे कोरायचं नाही. पण सरळ दोष देऊन मोकळं होता येत नाही, कारण त्याच मठाने तिला जे दिलं ते तेव्हा बाहेरच्या कुठल्या बाईला मिळत होतं? लग्न नाही, बाळंतपणं नाहीत, हाताखाली शिकलेल्या मैत्रिणी, प्रवासाची मोकळीक, संस्थेच्या नावावर जमीन. एस्तेर पारिझो खेड्यात राहून संसाराला लागली असती तर तिचा रंधा कुठल्या कोनाड्यात पडला असता? व्रताने तिला हत्यार दिलं आणि व्रतानेच तिचं नाव पुसलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१९८० साली वॉशिंग्टन राज्याने तिचा ब्राँझचा पुतळा देशाच्या राजधानीत, कॅपिटॉलच्या इमारतीत बसवला. प्रत्येक राज्याचे तिथे दोन पुतळे असतात. त्या संग्रहातली ती पाचवी स्त्री. शिल्पकार फेलिक्स दे वेल्डन. यांचंच ते इवो जिमाचं प्रसिद्ध शिल्प, झेंडा रोवणारे सैनिक. एका कामात माणसं सगळं बळ लावून खांब उभा करताहेत. दुसऱ्या कामात, जिने आयुष्यभर खांब उभे केले ती बाई गुडघे टेकून प्रार्थना करते आहे. ती प्रार्थना करत होती यात शंका नाही, रोज करत होती. पण तुळईवर उड्या मारणारी बाई शिल्पकाराला का दिसली नसेल, हे मी स्वतःला विचारत राहते.

आता तो मघाचा धागा. तिच्या कामाच्या यादीत अकरा रुग्णालयांच्या पुढे ‘पाच इंडियन शाळा’ असंही लिहिलेलं असतं, आणि गौरवाच्या भाषणांत ते ओघात वाचलं जातं. आपण ओघात वाचू नये. तुलालिप इथे १८६८ पासून सिस्टरांनी मूळ रहिवाशांच्या मुलींची निवासी शाळा चालवली. पुढच्याच वर्षापासून सरकार तिला पैसे देऊ लागलं. अशा शाळांमागचं सरकारचं धोरण उघड होतं. मुलं घरापासून तोडायची, भाषा सोडवायची, केस, कपडे, देव, सगळं बदलायचं. देशभरच्या अशा शाळांची चौकशी अमेरिकन सरकारने अगदी अलीकडे केली, अहवाल २०२२ आणि २०२४ मध्ये आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी जाहीर माफी मागितली. मदर जोसेफच्या मनात काय होतं हा इथे मुद्दा नाही. अनाथ पोरांवर तिची माया होती, मेणाच्या बाहुल्या ती स्वतः घडवायची. पण ज्या आईच्या कुशीतून मूल उचलून शाळेत नेलं, त्या आईला ती इमारत कशी दिसत असेल? बाईने बांधली म्हणून भिंत निर्दोष होत नाही. आपल्या पूर्वजांच्या, म्हणजे पूर्वजींच्या, यादीत तिला बसवताना हे पानही सोबत ठेवावं लागेल. राजधानीत तिच्या जोडीला असलेला वॉशिंग्टनचा दुसरा पुतळा एका मिशनऱ्याचा, मार्कस व्हिटमनचा. त्याच्या जागी बिली फ्रँक ज्युनियर यांचा पुतळा बसवण्याचा कायदा राज्याने २०२१ मध्ये केला. हे फ्रँक मूळ रहिवाशांच्या मासेमारीच्या हक्कासाठी पुन्हा पुन्हा तुरुंगात गेलेले नेते.

मदर जोसेफ १९ जानेवारी १९०२ रोजी व्हँकुव्हरला वारली. कर्करोगाने. अकॅडमीची शाळा १९६६ मध्ये बंद पडली. इमारत पाडली जाणार असं दिसताच १९६९ मध्ये तिच्या विटा पुरवणाऱ्या त्या हिडनच्या वंशजांनीच ती विकत घेऊन वाचवली. आता ती एका वारसा जपणाऱ्या न्यासाकडे आहे. दीडशे वर्षं होऊन गेली, पाया हललेला नाही.

आणि ती रुग्णालयं? त्या चार खाटांपासून वाढत वाढत आज ‘प्रॉव्हिडन्स’ ही अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या रुग्णालय-साखळ्यांपैकी एक झाली आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी तिच्यावर दावा लावला. ज्या गरीब रुग्णांना कायद्याने सवलत मिळायला हवी होती त्यांच्याकडून बिलं वसूल केली, थकबाकी वसूल करणाऱ्यांना त्यांच्या मागे लावलं, असा आरोप होता. २०२४ मध्ये तडजोड झाली. परतफेड आणि माफ केलेलं कर्ज मिळून सुमारे १५ कोटी ७८ लाख डॉलर, आणि रुग्ण ९९ हजारांहून जास्त. खाणीतल्या मजुरांपुढे हात पसरून जी संस्था उभी राहिली, तिचे हे हिशेब.

या शेवटच्या गोष्टीवर तुम्हाला बोलायचं असेल, मलाही आहे. चहा तयार आहे असं दिसतंय. तो घेऊ आणि मग प्रश्न.